नव्या पिस्तुलाचा पहिला पावसाळा

पुणे शहरात शस्त्राचा परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळतो. राजगडाच्या बाजूच्या गुंजवणे, साखर, मार्गासनी या गावांसाठी तो जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यावा लागतो. अर्ज, पोलीस ठाण्याची चौकशी, प्रशिक्षणाचा दाखला या सगळ्यातून जाईपर्यंत आपल्याला कायदा बऱ्यापैकी कळलेला असतो. पिस्तूल घरी आल्यावर त्याची निगा कशी राखायची, हे मात्र बहुतेकांना कुणी नीट बसून सांगत नाही. मग कुणी खोबरेल तेल लावतो, कुणी ते चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवतो, आणि दिवाळीला बाहेर काढतो तेव्हा स्लाइडवर तांबडे ठिपके उठलेले असतात.

नव्या पिस्तुलाबद्दलचा परदेशी सल्ला सहसा असा असतो: पहिल्या दोनशे-तीनशे गोळ्या झाडा, म्हणजे ते मोकळं होईल. आपल्याकडे ते जमत नाही. एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घ्यायची याची मर्यादा परवान्यावरच लिहिलेली असते, काडतुसं महाग असतात आणि गोळी फक्त अधिकृत रेंजवर झाडता येते. त्यामुळे आपल्या भागातलं पिस्तूल झाडून झाडून झिजलं, असं क्वचितच घडतं. ते गंजून खराब होतं. राजगडाच्या पायथ्याला जूनपासून सप्टेंबरपर्यंत जी ओल असते, तिच्यासमोर शंभर गोळ्यांची झीज काहीच नाही. म्हणून या लेखात झिजेपेक्षा ओलीलाच जास्त जागा दिली आहे.

सुरुवात दुकानातच करावी. पिस्तुलावरचा क्रमांक, बिलावरचा क्रमांक आणि परवान्यावर चढवलेला क्रमांक हे तिन्ही अक्षर-अक्षर जुळवून पाहावेत. एखादा आकडा चुकला तर तो तिथेच दुरुस्त करून घेणं सोपं असतं. नंतर त्यासाठी कचेरीत हेलपाटे घालावे लागतात.

दुसरी खात्री काडतुसाची. आपल्याकडे ‘पॉइंट बत्तीस’ या एकाच नावाने दोन वेगळी काडतुसं ओळखली जातात. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस लांब असतं आणि त्याच्या बुडाला बाहेर आलेली स्पष्ट कड असते. पिस्तुलाचं बत्तीस म्हणजे 7.65 मिलिमीटरचं काडतूस. ते आखूड असतं आणि त्याची कड जेमतेम बाहेर आलेली असते. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. डब्यावरचं पूर्ण नाव वाचूनच काडतुसं घ्यावीत. बुडावर ‘के एफ’ ही अक्षरं दिसली, तर तो माल आपल्याच खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा आहे असं समजावं. 1869 साली सुरू झालेल्या त्या कारखान्याची ती जुनी खूण आहे.

घरी आल्यावर पहिलं काम पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करण्याचं. दुकानातून रिकामंच आलं असलं तरी हे करावं. तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब. आधी मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, बाहेर काढावी. मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे खेचून तिथेच धरावा आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला जिथे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी पाहावं आणि करंगळीनेही चाचपावं. हा क्रम उलटा झाला तर घात होतो. आधी स्लाइड ओढून चेंबर रिकामं केलं आणि मॅगझिन आतच राहिलं, तर स्लाइड पुढे जाताना नवं काडतूस चेंबरमध्ये चढतं आणि आपण मात्र पिस्तूल रिकामं आहे असं समजतो. साफसफाई करताना सुटलेल्या गोळ्यांमागे पुष्कळदा हीच चूक असते. काडतुसं या वेळी दुसऱ्या खोलीत असावीत.

नव्या पिस्तुलात आपल्याला नळीच्या तोंडाशी थोडी काजळी किंवा बारीक ओरखडे दिसले, तर जुना माल गळ्यात मारला असं समजू नये. प्रत्येक शस्त्र विक्रीला येण्याआधी जास्त दाबाच्या काडतुसांनी तपासलं जातं आणि मगच त्यावर प्रूफचा शिक्का बसतो. ती काजळी त्या चाचणीची असते.

आतबाहेर लावलेलं चिकट तेल मात्र काढून टाकायला हवं. ते गोदामात गंज चढू नये म्हणून लावलेलं असतं, वंगण म्हणून नव्हे. तसंच ठेवून गोळ्या झाडल्या, तर काजळी त्यात मिसळून त्याचं काळं किटण तयार होतं. पिस्तुलाबरोबर आलेल्या पुस्तिकेत जेवढं सुटं करायला सांगितलं असेल तेवढंच करावं: बहुतेक बनावटींत स्लाइड, नळी आणि स्प्रिंग एवढे भाग हाताने निघतात. चापाच्या आतल्या कळा, पिना, छोट्या स्प्रिंगा यांना हात लावू नये. शस्त्र दुरुस्तीसाठी कायद्याने वेगळा परवाना लागतो, आणि तो नियम सोयीचाही आहे, कारण चापाची कळ केसभर घासली गेली तरी पिस्तूल आपोआप सुटू शकतं.

चिकट तेल स्वच्छ चिंध्यांनी पुसून घ्यावं, नळीतून कोरड्या चिंध्या फिरवाव्यात आणि मग शस्त्रासाठी मिळणारं पातळ तेल लावावं. जिथे धातू धातूवर घासतो त्याच जागांना ते लागतं: स्लाइड ज्यांवरून सरकते ते रूळ, नळीचा बाहेरचा भाग आणि स्प्रिंगची दांडी. प्रत्येक ठिकाणी एक थेंब, बोटाने पसरलेला. बास.

हे ‘बास’ फार जणांना पटत नाही. जितकं जास्त तेल तितकी जास्त राखण असं वाटतं आणि पिस्तूल न्हाऊन निघतं. जास्तीचं तेल ओघळून आघात-पिन जिथून धावते त्या भोकात साचतं, त्यात धूळ बसते, ते घट्ट होतं; मग चाप ओढल्यावर पिनेचा ठोका हलका पडतो आणि काडतूस पेटतच नाही. तेच तेल झिरपून काडतुसाच्या बुडातल्या टोपीत शिरलं, तर चांगलं काडतूसही फुसकं निघू शकतं.

घरातली तेलं तर नकोतच. खोबरेल, शेंगदाणा, करडई ही सगळी वनस्पतीची तेलं हवेत राहून चिकट होतात, आणि खोबरेल तर थंडीत गोठतं. मोटरसायकलचं इंजिन ऑइल गुंजवण्याच्या धुळीत जाडसर पडतं. अडलेलं कुलूप सोडवणारा फवारा पाणी हटवायला उपयोगी आहे, पण तो लवकर उडून जातो. महिनाभर टिकणारी राखण त्यातून होत नाही.

आता पिस्तूल मोकळं होतं म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. कारखान्यात कापलेला धातू कितीही गुळगुळीत वाटला, तरी बारकाईने पाहिल्यास त्यावर हत्याराच्या रेषा असतात. नव्याने टाकी लावलेल्या जात्यातून पहिल्या दळणात जशी कचकच येते, तसे या रेषांचे उंचवटे सुरुवातीला एकमेकांत अडकतात आणि घासून बसत जातात. स्प्रिंगाही पहिल्या काही दाबांनंतर किंचित ढिल्या होऊन स्थिरावतात. हे सगळं व्हायला गोळ्याच झाडायला हव्यात असं नाही. तेल लावलेल्या रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड रोज थोडा वेळ पूर्ण मागे खेचून सोडली, तरी रूळ बरेच बसतात. आधीची खरखर कमी झालेली हाताला स्पष्ट जाणवते.

रिकामा चाप ओढून सराव करावा का, हे पुस्तिकेवर सोडावं. बहुतेक आधुनिक पिस्तुलांना त्याचा त्रास होत नाही, आणि नकली काडतूस चेंबरमध्ये घातलं तर अजिबातच नाही. पॉइंट बावीसचं मात्र वेगळं आहे. त्यात पिन काडतुसाच्या कडेवर आदळते. काडतूसच नसेल तर ती थेट चेंबरच्या काठावर बसते आणि तिथे खाच पडते.

पहिल्या गोळ्या रेंजवरच झाडाव्यात. गडाच्या पायथ्याचं रान कितीही निर्मनुष्य वाटलं, तरी तिथे गुराखी असतात, लाकडं गोळा करणाऱ्या बाया असतात, चोरदरवाज्याची वाट चुकलेले ट्रेकर असतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे किंवा आनंदोत्सवात केलेला, दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारा गोळीबार हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. वरातीत हवेत झाडलेली गोळी खाली कुठे पडेल ते कुणालाच सांगता येत नाही.

नवं पिस्तूल रेंजवर पहिल्यांदा अडकलं, तर घाबरू नये. कुठे अडकलं ते पाहावं. स्लाइड पूर्ण पुढे न जाता केसभर मागे थांबली, तर नवी स्प्रिंग, कोरडे रूळ किंवा घट्ट मॅगझिन यांपैकी काहीतरी कारण असतं. रिकामी पुंगळी बाहेर पडताना स्लाइडमध्ये उभी अडकली, तर आधी आपली पकड तपासावी. मनगट सैल असेल तर पिस्तूल सगळंच मागे जातं आणि स्लाइडला मागे सरकायला आधारच मिळत नाही. नवशिक्याच्या हातात ‘खराब’ वाटलेलं पिस्तूल प्रशिक्षकाच्या हातात सुरळीत चालतं, त्याचं कारण बहुधा हेच.

बत्तीसच्या पिस्तुलाचा एक खास दोष सांगायला हवा. 1899 साली निघालेल्या या काडतुसाच्या बुडाला अगदी थोडी कड ठेवली गेली. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या मागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि मॅगझिन तिथेच बसतं. कितीही हलवलं तरी सुटत नाही. म्हणून भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे आहे ना, हे बघत जावं. पिस्तुलात दोष आहे असं समजून लोक दुकानात जातात, आणि दोष भरण्यात निघतो.

दोन मॅगझिन असतील तर त्यांच्या तळावर रंगाचे वेगवेगळे ठिपके द्यावेत. अडचण नेहमी एकाच ठिपक्याला येत असेल, तर दोष त्या पेटीत आहे, पिस्तुलात नाही. एक छोटी वहीही ठेवावी: तारीख, काडतुसाच्या डब्यावरचा लॉट क्रमांक, किती झाडली, कुठे अडकलं. कारागिराकडे गेल्यावर ‘कधी कधी अडकतं’ असं सांगण्यापेक्षा ही वही पुढे केली, तर त्याचं काम निम्मं होतं.

दोन प्रसंगी मात्र घाई केली तर इजा होते. चाप ओढला, टक् आवाज आला आणि गोळी सुटली नाही, तर पिस्तूल लक्ष्याकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबावं. काडतूस उशिरा पेटू शकतं. दुसरा प्रसंग त्याहून वाईट. आवाज नेहमीपेक्षा मवाळ आला, हाताला धक्का जाणवला नाही, तर पुढची गोळी अजिबात झाडू नये. कमी दारूमुळे गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि मागून दुसरी आली तर नळी फुगते किंवा फुटते. पिस्तूल रिकामं करून, स्लाइड उघडी ठेवून नळी आरपार पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. रेंजवरच्या प्रशिक्षकाला हाक मारण्यात काही कमीपणा नाही.

पन्नासेक गोळ्यांनंतर पिस्तूल खोललं की ठिकठिकाणी रंग उडालेला दिसतो आणि जीव हळहळतो. नळीच्या तोंडाजवळ एक चकचकीत पट्टा, नळीच्या मागच्या भागावर वरून घासल्याची खूण, रुळांवर पांढुरक्या रेषा, पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीच्या कडेला पितळेचा पिवळा डाग, मॅगझिनच्या अंगावर उभे ओरखडे. हे सगळं ठीक आहे. काळा थर म्हणजे धातूवरचं पातळ आवरण. ते जिथे घासलं जातं तिथून आधी जातं. रिव्हॉल्व्हर असेल तर फिरत्या चक्रावर भोवताली एक बारीक रेघ उमटते, तीही नेहमीची. उजव्या-डाव्या बाजूला खुणा सारख्या असतील, तर भाग सरळ बसत आहेत असं समजावं.

नखाने पाहायची गोष्ट वेगळी. डोळ्यांना रेघ दिसते पण नखाला लागत नाही, ती झीज. नखाला लागते, कड वर आलेली वाटते, धातू ठोकून पसरल्यासारखा दिसतो, तिथे कारागिराचं काम आहे. स्लाइडच्या खिडकीच्या कोपऱ्यात केसासारखी फट दिसली, नळीतून पाहताना आट्यांच्या मध्ये गोल सावलीसारखं कडं दिसलं, सेफ्टी लावूनही कळ हलली, किंवा स्लाइड सोडल्यावर घोडा, म्हणजे पिनेवर ठोका देणारा भाग, आपोआप पडला, तर त्या पिस्तुलातून एकही गोळी झाडू नये.

झाडलेल्या पुंगळ्याही थोड्या बाजूला ठेवून पाहाव्यात. बुडातल्या टोपीवर ठोका मध्यभागी आणि एकसारखा असायला हवा. टोपीला भोक पडलं असेल, पुंगळी एका बाजूला फुगली असेल किंवा चिरली असेल, तर ती वहीबरोबर कारागिराला दाखवावी.

बत्तीसच्या बहुतेक पिस्तुलांत नळी आणि स्लाइड यांना एकत्र अडकवणारी वेगळी कडी नसते. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग यांच्याच जोरावर ती क्षणभर बंद राहते. म्हणून इथे स्प्रिंग महत्त्वाची. ती मरगळली की स्लाइड जोरात मागे आदळते आणि पुंगळ्या नेहमीपेक्षा लांब उडू लागतात. हे लक्षण ओळखून वेळेवर नवी स्प्रिंग टाकली, तर सांगाडा वाचतो.

रेंजवरून आल्यावर साफसफाई त्याच दिवशी करावी. मार्गासनीहून घरी पोचायला रात्र झाली तरी निदान नळीतून तेलाची चिंधी फिरवून ठेवावी. ब्रश नळीत नेहमी चेंबरच्या बाजूने घालावा, पूर्ण पलीकडे बाहेर काढावा आणि मगच मागे ओढावा. मध्येच उलटा फिरवला तर तो अडकतो आणि तारा वाकतात. मग चिंध्या, स्वच्छ निघेपर्यंत. पुंगळी ओढून काढणाऱ्या छोट्या आकड्याखाली काजळी दडून बसते, तिथे जुना दात घासायचा ब्रश चालवावा. सगळं कोरडं करून शेवटी पुन्हा तेलाचा पातळ हात.

आणि आता पाऊस. भातलावणीच्या दिवसांत गुंजवण्यात दोरीवरचे कपडे आठवडा आठवडा वाळत नाहीत, भिंतींना घाम फुटतो, दाराच्या कडांना बुरशी येते. अशा हवेत लोखंड उघडं राहिलं तर एका रात्रीत तांबूस होतं. ‘स्टेनलेस’ लिहिलेलं पिस्तूलही सुटत नाही. त्याच्या आतल्या स्प्रिंगा आणि पिना पुष्कळदा साध्या पोलादाच्या असतात.

पहिला शत्रू चामड्याचं होल्स्टर. कमरेला बांधायला ते उत्तम, पण साठवायला नाही. चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेल्या द्रव्यांचे क्षारही त्यात उरतात. पिस्तूल त्यात महिनाभर राहिलं तर होल्स्टरचा आकार गंजाने स्लाइडवर उमटतो. पट्ट्यातल्या काडतुसांवर हिरवट थर येतो तोही यानेच. पिस्तुलाबरोबर येणारी स्पंज लावलेली पेटीही पावसाळ्यात तितकीच वाईट, कारण स्पंज ओल शोषून ठेवतो.

मग ठेवायचं कुठे? कुलूप लागणाऱ्या लोखंडी कपाटात, भिंतीपासून थोडं लांब, तेलाचा हात दिलेल्या सुती फडक्यावर. शेजारी सिलिका जेलची पुडी. रंग बदलणारं जेल घ्यावं: निळं गुलाबी झालं, किंवा नारिंगी हिरवं झालं, की ते ओलीने भरलं असं समजून मंद आचेवर वाळवावं. त्यासाठी वेगळं भांडं ठेवावं, भाकरीचा तवा वापरू नये, कारण निळ्या जेलमधलं द्रव्य पोटात जायला नको. कपाट चुलीच्या खोलीत नसावं. आणि खताची पोती किंवा मिठाची बरणी शेजारी असेल, तर ती आजच हलवावी. युरिया आणि मीठ दोन्ही हवेतली ओल खेचून घेतात, आणि मिठाचा कण तर लोखंड खातच सुटतो.

पुण्याहून एसी गाडीत आणलेलं थंड पिस्तूल दमट घरात लगेच पिशवीतून काढलं, की त्यावर बारीक दव धरतं. पिशवीतच तासभर राहू द्यावं, मग काढून पुसावं. हात लावल्यावर दर वेळी तेलाचं फडकं फिरवावं. घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजात उमटतात. पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी एकदा उघडून पाहणं पुरेसं आहे.

तांबूस भुकटी दिसली तर तेल टाकून तासभर ठेवावं आणि मऊ फडक्याने चोळावं. ती बहुधा निघून जाते. पॉलिश पेपर लावू नये. गंजाबरोबर काळा थरही जातो आणि पुढच्या पावसात तीच जागा पहिली गंजते. खड्डा पडलेला असेल तर तो भरून येत नाही. खड्डा बाहेर असेल तर दिसायला वाईट, एवढंच. नळीत असेल तर कारागिराला दाखवावं.

या खोऱ्यातली मुलं आता दहा मीटर एअर पिस्तूलही शिकू लागली आहेत, म्हणून त्याबद्दल थोडंसं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं आणि तेव्हापासून पालक या खेळाबद्दल जास्त चौकशी करू लागले. एअर पिस्तुलात दारूही नसते आणि मोकळं करण्याचा प्रश्नही फारसा नसतो. पण त्याच्या हवेच्या भागात साधं तेल कधीच घालू नये. नळकांड्यात सुमारे 200 बार दाब असतो, आणि तेवढ्या दाबाच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं. उत्पादकाने सांगितलेलंच सिलिकॉन वंगण वापरावं, आणि नळकांड्यावर छापलेली मुदत संपली की ते बदलावं.

शेवटी निवडणुकीचं. आचारसंहिता लागली की अनेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. तिथल्या खोलीत ते कित्येक आठवडे राहतं, आणि तिथे तेल लावायला कुणी नसतं. जमा करण्याआधी नीट साफ करून, नेहमीपेक्षा थोडा जाड तेलाचा थर द्यावा, नळीतूनही. क्रमांक आणि स्थितीचे फोटो काढावेत, पावतीवर क्रमांक बरोबर लिहिला आहे ना ते तिथेच वाचून पाहावं, काडतुसं मोजून नोंदवून घ्यावीत.

परत मिळाल्यावर आधी रिकामं आहे का ते पाहावं, मग चेंबरच्या बाजूने नळीत उजेड धरून आरपार पाहावं. पावसाळ्यात कुंभारीण माशी बोटभर भोक दिसेल तिथे मातीचं घर करते, आणि नळी तिला सोयीची जागा वाटते. मातीची गोळी अडकलेल्या नळीतून गोळी झाडली, तर परिणाम अडकलेल्या गोळीसारखाच होतो. नळी स्वच्छ दिसली की जाड तेल पुसून काढावं, पातळ तेलाचा हात द्यावा, आणि वहीत परतीची तारीख लिहून ठेवावी.